चार चाकांवरची मैफल

मंडईत गवार घेत होतो. "मावशी, किलो कशी दिली?" "साठ." मी दहाची नोट पुढे केली आणि सुट्टे दोन रुपये परत मिळतील म्हणून हात तसाच धरून उभा राहिलो. मावशींनी नोटेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि शेजारच्या गाळ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, आठ रुपयांत आता गवारीची देठंसुद्धा येत नाहीत!" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. सौ. मात्र हसली नाही. घरी येताना ती एवढेच म्हणाली, "मला साठ नीट ऐकू आलं. तुम्ही गेलं वर्षभर असंच करताय."

गोष्ट २०१६ सालच्या फेब्रुवारीतली. गंमत अशी, की त्या वेळी मित्रमंडळींत माझी ‘कानाचा पक्का’ अशी ख्याती होती. कोणाच्या गाडीत स्पीकर बसवायचा असो, कोणाच्या टेपरेकॉर्डरमधून घरघर येत असो, बोलावणे मला यायचे. माझ्या गाडीच्या डिकीत तोवर एक लाख चाळीस हजार रुपयांचा ऐवज जाऊन बसला होता आणि त्याच्या जोरावर मी स्पर्धा लढत होतो. त्या स्पर्धांची आणि त्या गवारीची ही एकच कहाणी आहे.

मोटारीत आपल्या हाताने संगीतव्यवस्था उभी करायची आणि ती घेऊन स्पर्धेत उतरायचे, असा छंद जगात आहे हे आमच्या निम्म्या नातेवाइकांना अजूनही खरे वाटत नाही. "घोड्यांची शर्यत असते, बैलगाड्यांची असते. उभ्या गाडीची कसली शर्यत?" असे माझ्या सासऱ्यांनी मला सरळ विचारले होते. प्रश्न चुकीचा नव्हता.

पण हे वेड आजचे नाही. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांनी आपल्या गाडीत रेडिओ बसवला. अटलांटिक सिटीला रेडिओ-उत्पादकांचा मेळावा भरला होता. त्याच्या बाहेर गाडी उभी करून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवत राहिले. ‘मोटर’ला ‘ओला’चे शेपूट जोडून त्यांनी या रेडिओचे नाव ‘मोटोरोला’ ठेवले, आणि पुढे कंपनीचेही तेच नाव झाले. नवी कोरी साधी गाडी पाच-सहाशे डॉलरला मिळत असताना लोक या रेडिओसाठी शंभराहून अधिक डॉलर मोजत होते. म्हणजे माझ्यासारखे लोक तेव्हाही होते! जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ साली काढलेला गाडीचा रेडिओ तब्बल १५ किलो वजनाचा होता. फिलिप्सची कॅसेट १९६३ साली आली आणि काही वर्षांत गाडीत शिरली. सीडी १९८४ च्या सुमारास शिरली. गाडीच्या आतल्या जागेचा अभ्यास करून कारखान्यातच स्पीकर बेतून बसवण्याचा उद्योग बोस आणि जनरल मोटर्स यांनी १९८३ च्या मॉडेलांपासून सुरू केला. त्याच दशकात अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या स्पर्धांना रीतसर रूप आले. आयास्का ही अमेरिकेतली आणि एम्मा ही युरोपातली, अशा संस्थांनी नियम बांधले, परीक्षक तयार केले. एम्माच्या नियमांप्रमाणे भारतातही स्पर्धा झाल्या आहेत.

या स्पर्धांच्या मुख्य जाती दोन. एकीत आवाज किती मोठा ते यंत्राने मोजतात. दुसरीत आवाज किती खरा ते माणूस ऐकून ठरवतो. मी आधी पहिलीत शिरलो, आणि तिथेच फसलो.

हवेचे कपाट

२०१० साली मी चार वर्षे वापरलेली मारुती एस्टीम घेतली. घर सहकारनगरला, नोकरी चाकणला. जाऊन-येऊन रोज दोन तास तरी गाडीत जायचे. एकदा कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने त्याच्या गाडीत बसवून नुसता ढोल ऐकवला. ढोल कानात वाजला नाही, छातीत वाजला. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या दिवशी पथकाच्या शेजारून चालताना बरगड्यांत जे होते, तेच बंद गाडीत झाले. झाले! पुढच्या रविवारी मी तपकीर गल्लीत होतो.

बारा इंची दोन सबवूफर घेतले. सबवूफर म्हणजे फक्त खर्जासाठीचा मोठा स्पीकर. पण तो नुसता डिकीत ठेवून चालत नाही. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की खर्जात एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून मागची लाट पेटीत कोंडावी लागते. पेटी पूर्ण बंद ठेवली तर आवाज नेमका आणि आटोपशीर येतो. तिला मोजून-मापून तोंड ठेवले, तर बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर जसा घुमारा येतो तसा एका ठराविक स्वराभोवती आवाज कितीतरी वाढतो. मला अर्थातच घुमारा हवा होता.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिलिमीटर जाडीचे एमडीएफचे तक्ते आणले आणि आमच्या नेहमीच्या सुतारमामांपुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा वर करून विचारले, "साहेब, कप्पे किती?"

"एकही नाही."

"दार?"

"दार नाही. फक्त दोन गोल भोकं आणि एक चौकोनी खाच."

"मग आत ठेवणार काय?"

"हवा."

मामांनी पेन्सिल कानाला लावली. "हवेसाठी एवढं लाकूड!" असे म्हणून त्यांनी कामाला हात घातला. पण माणूस कसबी. प्रत्येक सांध्याला सरस, आतून आडव्या पट्ट्या, आणि कडेने कुठे फट राहू नये म्हणून उदबत्ती फिरवून धूर कुठे ओढला जातो ते पाहण्याची युक्ती त्यांचीच. ती मला पुढे अनेक वर्षे उपयोगी पडली.

खरी गोम विजेत होती. हजार वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोराने चालवायचा तर बारा-साडेतेरा व्होल्टच्या गाडीत शंभराहून अधिक ॲम्पिअरचा प्रवाह लागतो, कारण ॲम्प्लिफायर घेतलेल्या विजेतला मोठा हिस्सा उष्णतेत घालवतो. छोट्या गाडीचा अल्टरनेटर त्याच्या निम्माच देतो, आणि त्यातच दिवे, पंखा, इंजिन सगळे सांभाळायचे. म्हणून प्रत्येक ठोक्याला माझ्या गाडीचे दिवे मान खाली घालत. ‘नाकापेक्षा मोती जड’ म्हणतात ते याला.

सुरुवातीला वायरिंग एका दुकानात करून घेतले होते. तिसऱ्या दिवशी गालिच्याखालून जळका वास आला. उचलून पाहतो तर बॅटरीपासून डिकीपर्यंत आलेली जाड तार पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती, आणि बॅटरीपाशी फ्यूजच नव्हता. अख्खी गाडी पेटायची ती एका वेष्टनाच्या वासावर निभावली. बॅटरीपासून वीतभर, फार तर दीड फुटाच्या आत मुख्य फ्यूज हवाच. हा फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी नसतो, तार आणि तारेच्या शेजारी बसलेली माणसे वाचवण्यासाठी असतो. त्या दिवसापासून प्रत्येक तार मी स्वतः ओढली. आपल्या घरातल्या मुलाने गाडीत असे काही बसवले असेल, तर बॉनेट उघडून एवढी एक गोष्ट पाहून घ्या.

एकशे अडतीस

मोठ्या आवाजाची स्पर्धा म्हणजे काय असते? काचा बंद, दारे बंद, समोरच्या काचेजवळ मापक. काही सेकंद खर्जाचा एकच सूर वाजवायचा आणि आकडा पाहायचा. गाणे नाही, ताल नाही. माझा आकडा आला १३८ डेसिबल. गटात दुसरा क्रमांक, आणि पितळेसारखा दिसणारा, जेवणाच्या डब्याएवढा करंडक.

डेसिबलचे गणित फसवे असते. आवाज तीन डेसिबलने वाढवायचा तर ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट करावी लागते, आणि एवढे करून कानाला फरक जेमतेम जाणवतो. कानाला ‘दुप्पट’ वाटण्यासाठी दहा डेसिबल, म्हणजे दसपट ताकद लागते. पहिला आलेला माझ्यापुढे तीन डेसिबल होता. म्हणजे मला आणखी एक हजार वॅट, दुसरी बॅटरी, मोठा अल्टरनेटर. घरात तेव्हा स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा म्हणून पैसे बाजूला टाकले होते. त्यातले तीस हजार मी उचलले. सौ.ला सांगितले, पण उचलल्यानंतर. ती रागावली नाही. फुटक्या कडप्प्यावर पोळपाट डुगडुगला की त्याखाली दुमडलेला कागद घालायची आणि तो कागद मला दिसेल असा ठेवायची.

या शर्यतीला अंतच नसतो. अमेरिकेतल्या ‘डीबी ड्रॅग’ स्पर्धांत अशा गाड्या उतरल्या आहेत, की ज्यांच्या दारांत काँक्रीट ओतलेले, काचा इंचांनी मोजाव्यात एवढ्या जाड. १७० डेसिबलच्याही वर त्या गेल्या आहेत. अशा गाडीत वाजवताना कोणी बसत नाही. बसणे शक्यच नसते. माणसाने बसू नये असा गाण्याचा डबा बनवण्यात शेवटी ही वाट जाते, हे मला फार उशिरा कळले.

कळले तेही योगायोगाने. २०१४ सालच्या एका स्पर्धेत माझ्या शेजारी पन्नाशी ओलांडलेल्या एका गृहस्थांची गाडी उभी होती. बाहेरून काहीच दिसत नव्हते. त्यांनी दार उघडून "या, बसा" म्हटले आणि भीमसेन जोशींचा अभंग लावला. मी स्पीकर कुठे आहेत ते शोधू लागलो. स्पीकर दारांत होते, पण आवाज दारांतून येत नव्हता. पंडितजी समोर, काचेच्या पलीकडे कुठेतरी बसले होते. तबला त्यांच्या एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला, टाळ जरा मागे. आवाज घरातल्या बोलण्यापेक्षा थोडासाच मोठा होता. गाणे संपल्यावर मी उतरलो आणि स्वतःच्या गाडीत न बसता बराच वेळ बाहेर उभा राहिलो.

गणपतीच्या जागी गवई

घरी आल्यावर घुमाऱ्याची पेटी काढली आणि एकाच सबवूफरची लहान, बंद पेटी करून घेतली. सुतारमामा म्हणाले, "हवा कमी झाली वाटतं!"

गाडी ही गाणे ऐकण्यासाठी जगातली सगळ्यात वाईट खोली. चहूकडे काच आणि पत्रा, माणूस मध्ये न बसता एका बाजूला, स्पीकर पायाशी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. माझ्या कानापासून उजव्या दारातला स्पीकर ९० सेंटिमीटरवर, डावा १४० वर. आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ५० सेंटिमीटरला सेकंदाचा दीड हजारांश भाग लागतो. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. पण आपला मेंदू दोन कानांतला त्याहून शेकडो पटींनी सूक्ष्म फरक ओळखून आवाज कुठून आला ते ठरवतो. आधी पोचलेल्या आवाजाकडे तो सगळे गाणे ओढतो. म्हणून चालकाला गायक नेहमी उजव्या गुडघ्यापाशी बसलेला वाटतो.

यावर उपाय म्हणजे उजव्या स्पीकरला तेवढाच उशीर करायला लावायचा. हे काम डिजिटल प्रोसेसर नावाची चपटी डबी करते. प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजायचे, तेवढा उशीर भरायचा, मग कानाने केसभर पुढे-मागे करायचे. दोन्ही आवाज एका क्षणी कानाशी आले, की एक चमत्कार घडतो. गायक गुडघ्यापासून उठतो आणि डॅशबोर्डच्या मध्यावर जाऊन बसतो. आमच्या गाडीत तिथे गणपती आहे. सौ.ने गाडी घेतल्या दिवशी बसवलेला. त्यामुळे आमच्या घरात या सगळ्या शास्त्राचे नाव ‘गवई गणपतीच्या जागी आणणे’ असेच पडले.

गणपतीने आणखी एक काम लावले. ६० च्या आसपासच्या कंपनांना तो थरथरू लागे आणि बारीक किरकिर येई. मी तो हलवावा म्हणालो. सौ. म्हणाली, "तुमचे सगळे डबे हलवा, तो हलणार नाही." शेवटी मूर्तीखाली लोकरीच्या कापडाची चकती चिकटवली आणि दोघांचेही समाधान झाले. अशी किरकिर शोधणे हेच निम्मे काम. खालपासून वरपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर लावायचा आणि कोण कुठे बोलतो ते पाहायचे. नंबरप्लेट बोलली, डिकीचे कुलूप बोलले, टोलच्या सुट्ट्या पैशांचा कप्पा बोलला. दारांच्या पत्र्याला आतून रबराच्या जड, चिकट शीट लावल्या, तेव्हा दार लावल्याचा आवाजसुद्धा भारदस्त झाला. वेग वाढला की चढत जाणारी एक शिट्टी होती. ॲम्प्लिफायरची आणि टेपची अर्थिंग वेगवेगळ्या जागी केल्याचा तो प्रसाद. एका ठिकाणचा रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर दोन्ही घट्ट आवळल्यावर शिट्टी गेली.

ॲम्प्लिफायर मात्र मी बदलला नाही. अमेरिकेत या क्षेत्रातले जाणकार रिचर्ड क्लार्क यांनी अनेक वर्षे दहा हजार डॉलरचे आव्हान लावून ठेवले होते. दोन ॲम्प्लिफायर सारख्या पातळीवर आणि त्यांच्या कुवतीच्या आत वाजवले, तर न पाहता, नुसत्या कानाने कोणता कोणता ते पुन्हा पुन्हा अचूक ओळखून दाखवायचे. ते पैसे कोणी जिंकले नाहीत. तात्पर्य, किमतीच्या पट्टीवर पैसे उधळण्यापेक्षा स्पीकर कुठे आणि कसा बसवला याला महत्त्व. ओट्याच्या पैशांना मी यापुढे हात लावणार नव्हतो.

चार हजारांची दरी

जानेवारी २०१६ मध्ये मी पहिल्यांदा ‘खऱ्या आवाजा’च्या स्पर्धेत गाडी घातली. परीक्षक चालकाच्या जागी बसतात, ठरलेली तबकडी लावतात आणि गुण देतात. सूर नैसर्गिक आहेत का, गायक-वादक आपापल्या जागी आहेत का, मंच किती रुंद, किती खोल. जोडकामाची सफाई आणि सुरक्षितताही पाहतात. गणपतीच्या जागेला मला उत्तम गुण मिळाले. सुरांच्या खरेपणाला दहापैकी चार.

मी परीक्षकांना गाठले. वयाने माझ्याहून लहान, पण बोलणे मृदू. म्हणाले, "काका, वरचे सूर फार तीक्ष्ण केलेत. ‘स’ आणि ‘श’ कानाला चावतात. झांज तर सुईसारखी टोचते."

मी म्हणालो, "मला तर ती जेमतेम ऐकू येते."

ते काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा मला राग आला. ‘आवडीनिवडीचा प्रश्न आहे’ असे स्वतःला समजावत मी घरी आलो. येताना मुलगी बरोबर होती. ती तेव्हा अकरा वर्षांची, तीन वर्षे गाणे शिकत होती. मी तिच्या बाईंच्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण लावले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, रागावू नका. पण जवारी पत्र्यासारखी वाजते. बाईंच्या तंबोऱ्याची रेशमासारखी असते."

मी रागावलो. मग तीन आठवड्यांनी ती गवार आली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवले, कानांवर हेडफोन चढवले आणि बारीक सूर सोडत राहिले. ऐकू आला की बटण दाबायचे. बराच वेळ मला वाटत होते, यंत्र बंद पडले आहे. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख दाखवला. रेषा बऱ्यापैकी सरळ चालत होती आणि ४००० च्या आकड्यापाशी खोल दरीत पडत होती, पुढे जराशी वर येत होती. "ही दरी मोठ्या आवाजाची सही असते," डॉक्टर म्हणाले. "‘स’चा फूत्कार या भागात आणि याच्याही वर असतो. तो गेला की साठाचे आठ होतात. तुम्ही काय करता?"

मी सगळे सांगितले. त्यांनी स्पर्धेच्या त्या काही सेकंदांपेक्षा चाकणच्या रस्त्यालाच जास्त दोष दिला. गाडीत नेहमी किती मोठ्याने ऐकता, असे विचारले. आवाज मोजण्याचे यंत्र माझ्याकडे होतेच. आकडा पाठ होता. शंभर. त्यांनी कागदावर लिहून दाखवले. ८५ डेसिबल आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, आणि शंभरला पंधरा मिनिटे. मी रोज दोन तास ऐकत होतो, चार वर्षे. गाडीतून उतरल्यावर कानात येणारा ‘सुं’ आवाज मी दमल्याची खूण समजत होतो.

"औषध?" मी विचारले.

"आतल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. आहे ते सांभाळा."

त्या रात्री मला स्पर्धेचे कोडे सुटले. मला वरचे सूर ऐकू येत नव्हते म्हणून मी ते वाढवत गेलो होतो. माझ्या कानातली दरी भरून काढण्यासाठी मी गाडीत डोंगर उभा केला होता. परीक्षक खरे होते, मुलगी खरी होती. ‘कानाचा पक्का’ मीच तेवढा खोटा होतो.

कान मुलीचे, हात माझे

छंद सोडावा, असे मनात आले. सौ.नेच ते होऊ दिले नाही. म्हणाली, "लाख रुपये गेले, कान गेले, आता निदान गाडीत गाणं तरी नीट वाजू दे."

मग आम्ही वाटणी केली. मी मोजायचे, मुलीने ऐकायचे. मोजण्याचा माइक चालकाच्या डोक्याच्या जागी धरून, सर्व पट्ट्यांत सारखा खळखळणारा आवाज लावायचा आणि पडद्यावर उंचवटे पाहायचे. यंत्राला माझ्यासारखी दरी नसते. उंचवटे उतरवून झाले की मुलगी चालकाच्या जागी बसायची. आवाज बेताचा, सत्तर-पंचाहत्तरचा. एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, हा नियम मी घातला आणि घड्याळ लावून पाळला. तिला आकडे कळत नव्हते आणि मला आता तिचे सूर कळत नव्हते. म्हणून आम्हाला भाषा तयार करावी लागली. ‘पत्रा’ म्हणजे चार हजारांच्या आसपास जास्त. ‘रजई’ म्हणजे तिथे कमी. ‘बाईंना सर्दी झाली’ म्हणजे हजाराच्या आसपास गडबड. ‘बायाँ ओला आहे’ म्हणजे खर्ज लांबतो आहे. ती सांगायची, मी प्रोसेसरवर अर्धा-एक डेसिबल कमी-जास्त करायचो. असे रविवार दीड वर्ष चालले. एकदा ती डोळे मिटून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "आता बाईंचा तंबोरा." मला काहीच फरक कळला नव्हता. मी तिच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला आणि आकडे जपून ठेवले.

२०१८ साली त्याच प्रकारच्या स्पर्धेत पुन्हा गेलो. सुरांच्या खरेपणाला दहापैकी आठ. एकूण क्रमांक चौथा आला, कारण जोडकामाच्या सफाईत गुण गेले. सुतारमामांचे लाकूड निर्दोष, माझ्या तारा गबाळ्या. करंडक नाही. अर्जावर ‘ध्वनिजुळवणी’ समोर मी मुलीचे नाव लिहिले होते. परीक्षकांनी ते वाचून तिला खुर्ची दिली आणि कोणता सूर कसा लावला ते तिला विचारले, मला नव्हे. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी नवा ओटाही झाला, ग्रॅनाइटचा.

आता थोडे आपल्या सगळ्यांसाठी. आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांतली मर्यादा. पण बंद काचेच्या आत आणि कानातल्या बोंडांत कोणी पोलिस येत नाही. मोठ्याने ऐकण्याच्या सवयीमुळे जगातल्या शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती धोक्यात आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. नजर कमी झाली की चष्मा लागल्याचे घरात सगळ्यांना कळते. कान कमी झाला तर ‘लक्ष नसतं याचं’ एवढेच म्हटले जाते. घरात कोणी टीव्ही मोठा लावू लागले, ‘काय?’ वारंवार विचारू लागले, फोनवरचे ‘सहा’ आणि ‘दहा’ गोंधळू लागले, तर रागावण्याआधी त्याला तपासून आणा. अर्ध्या तासाचे काम आहे.

माझे जुने बारा इंची सबवूफर माळ्यावर पडून होते. परवा अभियांत्रिकीला शिकणारा, ओळखीतला एक मुलगा ते मागायला आला. स्पर्धेत उतरायचे म्हणत होता. नाही म्हणालो असतो, तर त्याने दुसरीकडून आणले असते. मी दिले. बरोबर एक फ्यूज दिला, ‘बॅटरीपासून दीड फुटाच्या आत’ असे बजावून. आणि केमिस्टकडून आणलेली, फोमच्या बोळ्यांची एक जोडी दिली.

तो हसला. म्हणाला, "काका, मग ऐकू कसं येणार?"

त्याला गाडीत बसवले आणि मुलीने जुळवलेला तंबोरा लावला, बेताच्या आवाजात. तो गणपतीकडे पाहत राहिला. उतरताना बोळे त्याने खिशात घातले, एवढे मी पाहिले. वापरतो की नाही, देव जाणे.

मंडईत मी आजही जातो. मावशी मला ओळखतात. आता त्या भाव सांगताना बोटेही दाखवतात.